फायर, लेऑफ, रिट्रेंच, टर्मिनेट: नोकरी गेल्याचे इंग्रजी शब्द आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपन्यांची पत्रं, नोटिसा, आदेश इंग्रजीतून मराठीत आणायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यामुळे ओळखीतलं कुणीही नोकरी गेल्याचं पत्र घेऊन येतं आणि विचारतं, "यात नेमकं काय म्हटलंय?" तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. मी वकील नाही. प्रकरण कोर्टात जाणार असेल तर वकील गाठा.

फायर केलं काय नि लेऑफ केलं काय, नोकरी गेली ती गेलीच ना?

गेलीच. पण ती का गेली, हे त्या शब्दातच सांगितलेलं असतं. फायरमध्ये बोट माणसाकडे असतं: काम जमलं नाही, शिस्त मोडली, साहेबाशी वाजलं. लेऑफमध्ये बोट कामाकडे असतं: ऑर्डरी आटल्या, प्रोजेक्ट संपला, शाखा बंद झाली. पत्र हातात आलं की मी आधी एवढंच बघतो, माणूस नकोसा झालाय की जागा? माणूस नकोसा असेल तर उद्या त्याच खुर्चीवर दुसरा बसेल. जागा नकोशी असेल तर खुर्चीच उचलतात.

अमेरिकेत या फरकाला थेट पैशाची किंमत आहे. लेऑफ झालेल्याला साधारणपणे राज्याचा बेकारी भत्ता मिळतो. गैरवर्तनासाठी फायर झालेल्याला बहुतेक ठिकाणी तो नाकारला जातो. मोठ्या प्रमाणावर लेऑफ करायचे असतील तर १९८८ च्या तिथल्या कायद्यानुसार १०० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीला साधारणपणे ६० दिवस आधी कळवावं लागतं. एकट्यादुकट्याला फायर करताना मात्र मोंटाना सोडलं तर जवळपास सगळीकडे कारणही द्यावं लागत नाही.

मराठीत असा फरक आहे का? आपण तर सरसकट "काढलं" म्हणतो.

आहे, आणि चांगला नेमका आहे. "त्याला काढलं" आणि "त्याला कमी केलं" ही वाक्यं एकदा मोठ्याने म्हणून बघा. "काढलं" म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, "काय केलं होतं त्याने?" "कमी केलं" म्हटलं की विचारतो, "अजून किती जणांना?" पहिलं फायर, दुसरं लेऑफ. कारखान्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी हा फरक अजून शाबूत आहे. त्यांच्या मुलांनी मात्र दोन्हींना "लेऑफ" म्हणायला सुरुवात केली आहे, कारण ते ऐकायला बरं वाटतं.

रागारागाने हाकलायचं असेल तर अर्धचंद्र, गोडीगुलाबीने घालवायचं असेल तर नारळ, मंत्रिमंडळातून वगळलं तर डच्चू, आणि एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकलं तर उचलबांगडी. एवढी श्रीमंती घरात असताना भाषांतरात सगळीकडे "सेवासमाप्ती" हा एकच गुळगुळीत शब्द लावतात, याचं मला वाईट वाटतं.

बाबा गिरणीत होते. ते म्हणतात, "ले-ऑफ असला तरी आमची नोकरी जायची नाही." हे कसं?

बाबांचं बरोबर आहे. पत्रं वाचताना सगळ्यात जास्त घोटाळा याच शब्दावर होतो.

भारतीय कामगार कायद्यातला ले-ऑफ हा तात्पुरता असतो. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल आला नाही, तयार माल साठून राहिला, यंत्र मोडलं, नैसर्गिक आपत्ती आली, अशा कारणांनी मालक आज काम देऊ शकत नाही. कामगाराचं नाव मस्टरवर असतं, नोकरी चालूच असते, फक्त काम नसतं. १९५३ च्या दुरुस्तीने ही व्याख्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात आली. वर्षभर सलग नोकरी झालेल्याला त्या दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून निम्मी रक्कम भरपाई म्हणून द्यायची, असं तेव्हा ठरलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही व्याख्या जवळपास तीच आहे.

जुन्या इंग्रजीतही लेऑफचा अर्थ असाच होता: काम नाही तोवर बाजूला बसा, आलं की बोलावतो. अमेरिकेत बोलावणं येणं हळूहळू थांबलं, शब्द मात्र तोच राहिला. तो नवा अर्थ आयटीच्या विमानात बसून पुण्या-बंगळुरात उतरला. म्हणून आज एकाच घरात बापाचा ले-ऑफ आठवड्याचा असतो आणि मुलाचा कायमचा.

जाता जाता: या इंग्रजी कायद्यात "बदली" हा आपला शब्द जसाच्या तसा आहे. मस्टरवर नाव असलेल्या कामगाराच्या जागी येणारा तो बदली. त्याला ले-ऑफच्या भरपाईतून वगळलं होतं, पण त्याचंही वर्ष सलग भरलं असेल तर त्याला बदली समजायचं नाही, अशी पुस्तीही जोडलेली होती. गिरणगावात रोज सकाळी गेटवर उभं राहून आज काम मिळतं का ते बघणाऱ्या माणसाचं नाव इंग्रजीत बसेना, म्हणून मराठीतच ठेवावं लागलं.

मग रिट्रेंचमेंट म्हणजे काय? पत्रात "सरप्लस" असंही लिहिलंय.

आज ज्याला सगळे लेऑफ म्हणतात, त्याचं भारतीय कायद्यातलं नाव रिट्रेंचमेंट. मराठीत कामगार कपात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ छाटणे. इंग्रजीत तो आधी खर्चासाठी वापरत आणि नंतर माणसांसाठी. सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेतही हाच शब्द चालतो. अमेरिकन माणसाला मात्र तो ऐकून खंदक आठवतात.

या शब्दाचा अर्थ ठरवायला आपल्या न्यायालयांना जवळपास ३५ वर्षं लागली, आणि सुरुवातीची एक मोठी लढाई सोलापूरच्या बाजूची आहे. बार्शी लाइट रेल्वे ही कुर्डुवाडी-बार्शीवरून जाणारी, मिरज ते लातूर धावणारी अरुंद रुळांची खासगी गाडी. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती ताब्यात घेतली. त्याआधी कंपनीने सगळ्या कामगारांना नोटीस दिली, की तुमची नोकरी संपली. बहुतेकांना सरकारने पुढे घेतलं, पण नव्या अटींवर. कामगार म्हणाले, ही रिट्रेंचमेंट आहे, भरपाई द्या. कंपनी म्हणाली, धंदाच आमच्याकडे राहिला नाही, मग कपात कसली? नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं म्हणणं मान्य केलं. रिट्रेंचमेंट म्हणजे चालू धंद्यातली जादा माणसं कमी करणं. धंदाच बंद झाला किंवा हातून गेला तर तो शब्द लागत नाही. एका शब्दाच्या अर्थावर शेकडो माणसांची भरपाई गेली.

सरकारला पुढच्याच वर्षी कायदा बदलावा लागला. आणि बदलला कसा, तर शब्दाची व्याख्या न बदलता दोन नवी कलमं घातली: धंदा हस्तांतरित झाला किंवा बंद पडला तरी "जणू कामगाराला रिट्रेंच केलं आहे असं समजून" भरपाई द्यायची. या "जणू"चं भाषांतर करताना मला दर वेळी हसू येतं.

पुढे १९७६ मध्ये काटा उलट्या बाजूला झुकला. स्टेट बँकेतल्या एका तात्पुरत्या कॅशियरची नेमणूक ठरावीक दिवसांपुरतीच होती आणि नोकरी कधी संपणार तेही नेमणुकीच्याच आदेशात लिहिलेलं होतं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने म्हटलं, की व्याख्येत "कोणत्याही कारणाने" असे शब्द आहेत, तेव्हा मुदत संपणं हीसुद्धा रिट्रेंचमेंटच. १९९० मध्ये घटनापीठाने या व्यापक अर्थावर शिक्का मारला. मधल्या काळात, १९८४ मध्ये, संसदेने कंत्राटाची मुदत संपून नूतनीकरण न होण्याला व्याख्येतून वगळून टाकलं होतं. नव्या संहितेतही मुदतीच्या नेमणुकीचा शेवट रिट्रेंचमेंटमध्ये धरत नाहीत.

"सरप्लस" म्हणजे जादा ठरलेला. पत्रात तो शब्द असेल तर दोष तुमचा नाही, हे कंपनीने स्वतःच्या सहीने कबूल केलंय. पत्र जपून ठेवा.

रिट्रेंचमेंट असेल तर मिळतं काय?

वर्षभर सलग नोकरी (हिशेबात २४० दिवस) झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. त्या प्रकारच्या कामावर जो शेवटी आला तो आधी जातो, आणि पुन्हा भरती झाली तर कमी केलेल्यांना आधी विचारायचं. नव्या संहितेनुसार ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला, खाणीला किंवा मळ्याला सरकारची परवानगी लागते. आधी हा आकडा १०० होता.

हे सगळं "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्यांना. कार्डावर मॅनेजर छापलंय म्हणून तुम्ही आपोआप बाहेर पडत नाही. प्रत्यक्षात काम काय करता ते बघतात.

त्या २४० दिवसांमुळेच महाराष्ट्रात "ब्रेक देणे" हा प्रकार रुजला. सात महिने झाले की चार दिवस घरी बसवायचं, मग नव्या नावाने नवं पत्र. कामगारांना कायम न करण्यासाठी वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरतं ठेवणं ही अनुचित प्रथा आहे, असं राज्याच्या १९७१ च्या कायद्याने स्पष्ट लिहिलं. प्रथा संपली असं मात्र कुणी म्हणणार नाही.

पत्रात फक्त "टर्मिनेटेड" लिहिलंय. चांगलं की वाईट?

दोन्हीपैकी काहीच नाही. टर्मिनेशन म्हणजे संपवणं. लोकल जिथे संपते ते टर्मिनस, तसंच. गाडी बिघडून थांबली की वेळापत्रकाप्रमाणे, ते या शब्दातून कळत नाही. कंपन्यांना तो त्यासाठीच आवडतो. त्याच्या आजूबाजूला बघा: "फॉर कॉज" किंवा "मिसकंडक्ट" असेल तर तो फायरचा सूट-बूट घातलेला भाऊ आहे, "विदाउट कॉज" किंवा नेमणूकपत्रातल्या नोटीसच्या कलमाचा हवाला असेल तर तुमच्यावर आरोप नाही. काहीच नसेल तर लेखी विचारा.

बोली इंग्रजीत मात्र "ही वॉज टर्मिनेटेड" ऐकलं की लोक फायरच समजतात.

सरकारी नोकरीत डिसमिसल आणि रिमूव्हल वेगळे कसे? दोन्हीत माणूस घरीच जातो.

घरी दोघंही जातात. परत यायची शक्यता वेगळी. डिसमिसल म्हणजे बडतर्फी. फारसीतून आलेला शब्द, अर्थ "बाजूला सारलेला". बडतर्फ झालेला माणूस एरवी पुन्हा सरकारी नोकरीला अपात्र ठरतो. रिमूव्हल म्हणजे सेवेतून काढून टाकणे. त्यात ती अपात्रता येत नाही. महाराष्ट्राच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत या दोन वेगळ्या शिक्षा आहेत, आणि त्यांच्या एक पायरी खाली सक्तीची सेवानिवृत्ती. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ मध्येही डिसमिसल आणि रिमूव्हल हे दोन्ही शब्द स्वतंत्र लिहिले आहेत: आरोप कळवून, बाजू मांडायची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय दोन्ही करता येत नाहीत (काही अपवाद तिथेच आहेत). वर्तमानपत्रं मात्र निलंबित झालेल्यालाही खुशाल "बडतर्फ" करून टाकतात.

निलंबन म्हणजे अर्धी बडतर्फीच ना?

नाही. चौकशी होईपर्यंत कामापासून दूर ठेवणं, एवढंच. ती शिक्षा नाही, नोकरी चालू असते, निर्वाह भत्ता मिळतो.

प्रोबेशनवर होतो. पत्रात "डिस्चार्ज्ड" लिहिलंय. दवाखान्यातून सोडल्यासारखं वाटतं.

तसंच आहे ते. डिस्चार्ज म्हणजे भार उतरवून मोकळं करणं. रुग्ण बरा होऊन डिस्चार्ज होतो, सैनिक मानाने डिस्चार्ज होतो आणि प्रोबेशनर "आमच्याकडे जमत नाही" म्हणून. साधा डिस्चार्ज असेल तर डाग नाही. पण साध्या शब्दाखाली शिक्षा लपवलेली असू शकते, हेही न्यायालयांनी ओळखलं आहे. १९५७ च्या धिंग्रा खटल्यापासून हा विचार चालत आला: आदेशातल्या शब्दांवर थांबायचं नाही, तो गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढला आहे का ते बघायचं. तसा असेल तर चौकशी हवी.

लंडनहून बहिणीने कळवलं, "आय हॅव बीन मेड रिडंडंट." ती फार खचली आहे. शब्द एवढा वाईट आहे का?

लॅटिनमध्ये त्याचं मूळ ओसंडून वाहणं. भांडं भरलं, वरून सांडलं, ते रिडंडंट. माणसाला हा शब्द लावणं क्रूर वाटतं खरं, पण ब्रिटिश कायद्याच्या दृष्टीने रिडंडंट होते ती जागा. १९६५ पासून तिथे त्यासाठी भरपाईचा कायदा आहे. सलग दोन वर्षं नोकरी झाली असेल तर वय आणि वर्षं धरून रक्कम ठरते आणि पहिल्या ३०,००० पौंडांपर्यंत आयकर लागत नाही. बहिणीला सांगा, तिथे हा शब्द लाज वाटण्याचा नाही. लोक पार्टीत सांगतात. "सॅक्ड" म्हणाली असती तर वेगळं.

सॅक, फायर, पिंक स्लिप हे कुठून आले?

कारागीर आपली हत्यारं पिशवीत घालून आणायचा. काम संपलं की मालक पिशवी हातात द्यायचा. सॅकची ही गोष्ट सांगतात, फ्रेंचमध्येही तसा वाक्प्रचार आहे. आपण नारळ देतो, ते पिशवी देतात. फायर हा अमेरिकेतला एकोणिसाव्या शतकातला शाब्दिक चाळा असावा: बंदूक डिस्चार्ज करतात म्हणजे फायर करतात, मग माणूस डिस्चार्ज केला तर तोही फायरच. पिंक स्लिप हीदेखील अमेरिकन; आता गुलाबी कागद कुणी देत नाही, सकाळी लॅपटॉप लॉगइन होत नाही एवढंच कळतं.

फर्लो?

मूळ डच शब्द, सैनिकाची रजा. आपल्याकडे कैद्यांच्या फर्लोमुळे ओळखीचा. नोकरीच्या संदर्भात तात्पुरतं घरी बसवणं, म्हणजे बाबांच्या ले-ऑफच्या जवळचं. कोविडमध्ये ब्रिटन सरकारने फर्लोवरच्या लोकांचा ८० टक्के पगार, महिना २,५०० पौंडांपर्यंत, भरला तेव्हा तो घरोघरी पोचला.

एचआर म्हणते, "वुई आर लेटिंग यू गो." मी तर कुठे जातो म्हटलं नव्हतं!

हा इंग्रजी सौजन्याचा उच्चांक आहे. जणू तुम्ही दार ठोठावत होतात आणि त्यांनी मोठ्या मनाने कडी काढली. राइटसायझिंग, रॅशनलायझेशन, रीस्ट्रक्चरिंग ही याच कुळातली मंडळी. डाउनसायझिंग तर १९७० च्या दशकात अमेरिकेत मोटारी लहान करण्यासाठी वापरत. मग माणसांवर आलं. यातल्या कुठल्याही शब्दाला कायद्यात स्वतःचं वजन नाही. गोड बोलणं ऐका, आणि मग विचारा: पत्रावर कोणता शब्द लिहिणार?

एचआरने सांगितलं, "स्वतः राजीनामा द्या, नाहीतर टर्मिनेट करू." काय करू?

सही करण्याआधी एक रात्र मागून घ्या. राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. तुमच्या सहीने तुम्ही राजी होता असं ठरतं. फायदा असा की अनुभवपत्र स्वच्छ मिळतं, पुढच्या कंपनीला काही समजावून सांगावं लागत नाही. तोटा असा की राजीनामा दिलेल्याला कपातीची भरपाई नाही, आणि नंतर "जबरदस्तीने घेतला" हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर. ब्रिटनमध्ये मालकाने जगणं असह्य करून माणसाला राजीनामा द्यायला लावलं, तर त्याला डिसमिसलच समजायची सोय कायद्यात आहे. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक बघावं: मुदतीआधी कंपनीने काढलं तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीवर असतो, स्वतः सोडली तर नसतो. नवी नोकरी शोधायला मिळणारी ६० दिवसांपर्यंतची मुदत मात्र दोन्हीत सारखीच.

ग्रॅच्युइटीला हा शब्द अडवत नाही. पाच वर्षं झाली असतील तर राजीनाम्यानंतरही ती मिळते. उरलेला पगारही नव्या वेतन संहितेनुसार राजीनामा, कपात, बडतर्फी काहीही असो, दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे.

सरकारी नोकरीतही राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती एकच?

अजिबात नाही, आणि इथे शब्द चुकला तर आयुष्यभराचं नुकसान आहे. पेन्शनच्या जुन्या नियमांत राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा पेन्शनसाठी बुडते. स्वेच्छानिवृत्तीत बुडत नाही. वीस-बावीस वर्षं नोकरी करून वैतागाच्या भरात "मी राजीनामा देत आहे" लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत. अर्जात "स्वेच्छानिवृत्ती" लिहा आणि ज्या नियमाखाली मागता तो नमूद करा.

सार्वजनिक कंपन्यांची व्हीआरएस ही आणखी वेगळी: ठरावीक मुदतीची योजना, ज्यात जाण्यासाठी पैसे मिळतात. बीएसएनएलच्या योजनेत ७८ हजारांहून अधिक लोक ३१ जानेवारी २०२० ला एकाच दिवशी बाहेर पडले.

"रिलीव्हड" म्हणजे नोकरी गेली का?

जिल्हा परिषदेत असाल तर नाही. तिथे कार्यमुक्त झालात म्हणजे बदलीच्या गावी हजर व्हायचंय. खासगी कंपनीत राजीनाम्यानंतरचं रिलीव्हिंग लेटर म्हणजे देणंघेणं मिटवून सोडलं. आणि इंग्लंडमधल्या फुटबॉल प्रशिक्षकाला "रिलीव्हड ऑफ हिज ड्यूटीज" केलं तर त्याला हाकललंय.

मुलाखतीत इंग्रजीत सांगायचं कसं?

"आय वॉज रिमूव्हड फ्रॉम माय जॉब" म्हणू नका. मराठी "काढलं"चं ते शब्दशः इंग्रजी आहे आणि समोरच्याला वाटतं काहीतरी गंभीर घडलं असणार. जागा गेली असेल तर "माय पोझिशन वॉज एलिमिनेटेड" किंवा सरळ "आय वॉज लेड ऑफ", आणि किती जणांसोबत ते जोडा. प्रोबेशनमध्ये जमलं नसेल तर "इट डिडन्ट वर्क आउट" आणि एक वाक्य कारण. फॉर्मवर "हॅव यू एव्हर बीन टर्मिनेटेड?" असा रकाना असेल आणि तुम्ही कपातीत गेला असाल, तर नुसतं हो-नाही न लिहिता शेजारी "कपात, जागा रद्द" असं इंग्रजीत लिहा आणि पत्राची प्रत जोडा. गैरवर्तनासाठी काढलं असेल तर खोटं लिहू नका. पार्श्वभूमी तपासणारे जुन्या एचआरला फोन करतात, आणि तिथला माणूस फाइलमधला शब्द जसाच्या तसा वाचून दाखवतो.